मकरपुऱ्यातले पाइपवाले काका आणि आमच्या इंपालाची कूलर लाइन

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, या वर्कशॉपच्या पाटीवर गुजरातीत ‘ब्रेक पाइप, होज पाइप’ एवढंच रंगवलंय. दारात ट्रकचे होज टांगलेले, आत लांबलचक टेबल, त्यावर व्हाइस आणि व्हाइसपाशी सत्तरीचे काका. जुन्या गाडीचा पाइप करून घ्यायचा असेल तर बडोद्यात मी आता दुसरीकडे जाणार नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला मला दोन वर्षं आणि एक मोठी भीती लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी बाबांची. १९६५ची शेवरोले इंपाला, २८३ घनइंची व्ही-८ इंजिन, दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, स्टिअरिंग उजवीकडे. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘ट्वेंटी वन गन सल्यूट’चा जुन्या गाड्यांचा सोहळा झाला, तेव्हा बाबांना व्हीलचेअरवरून नेलं होतं. सगळ्या गाड्या बघून झाल्यावर ते म्हणाले, "आपली कधी चालू करतेस?" मी आयुष्यभर पॉलिटेक्निकात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं. निवृत्त झाले होते, वेळ होता. लागले कामाला.

इंजिन आणि गिअरबॉक्स उघडून बांधून झाले, त्याबद्दल इथे लिहीत नाही. घोळ झाला तो त्या दोन बारीक पाइपांत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये जोर तेलातून पुढे जातो, म्हणून तेल तापतं. ते एका पाइपाने रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरकडे जातं आणि गार होऊन दुसऱ्याने परत येतं. आमचे जुने पाइप गंजून सालपटं निघालेले. ज्या गॅरेजला मी काम दिलं त्यांनी मधला खराब भाग कापला आणि तिथे पेट्रोलचा रबरी पाइप घालून जुबिली क्लिपा आवळल्या. वरून छान दिसत होतं.

हालोल रोडला जरोदच्या अलीकडे बोनेटखालून पांढरा धूर. रबर सायलेन्सरच्या पाइपाला टेकून मऊ पडलं होतं आणि लाल तेल तापलेल्या लोखंडावर ठिबकत होतं. इंजिन बंद करून मी आग विझवायचा सिलिंडर हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मागच्या सीटवर बाबा होते. ते पाच मिनिटं मी विसरणार नाही. त्यांनीही परत कधी विषय काढला नाही, पण त्या दिवसानंतर मी ठरवलं की या गाडीत पुन्हा कुठलाही ‘चालून जाईल’वाला जोड नको.

मग अमेरिकेहून तयार वाकवलेल्या पाइपांचा संच मागवला. किंमत सांगत नाही, कस्टमसकट जीव गेला. तो तिकडच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी वाकवलेला. पॉवरग्लाइडचे दोन्ही पाइप निघतात उजव्या बाजूने, आणि आमच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्सही त्याच बाजूला. स्टार्टर तिथेच, पेट्रोल पंप तिथेच, उजवा एक्झॉस्टही तिथूनच खाली उतरतो. संचातला पाइप थेट स्टिअरिंग बॉक्सवर जाऊन आदळला. तेव्हा एका ट्रकवाल्या ओळखीच्यांनी मकरपुऱ्याचा पत्ता दिला.

मी तो संच आणि जुना पाइप, दोन्ही घेऊन गेले. कुणीही असतं तर जुन्यासारखा नवा वाकवून दिला असता. काकांनी दोन्ही टेबलावर ठेवले, बघितले आणि म्हणाले, "ताई, ह्याच्यावरून नाही करणार. जुना कुणी कुठे वाकवला, माहीत नाही. गाडी बघायला पाहिजे." दुसऱ्या रविवारी ते स्कूटरवर एका पोराला घेऊन कारेलीबागेत आमच्या घरी हजर. सोबत वेल्डिंगच्या काड्यांचा जुडगा, वरचं कोटिंग झोडून काढलेलं.

त्या नागड्या तारेने त्यांनी आधी वाट आखली. तार वाकवायची, खाली सरकून लावून बघायची, काढायची, पुन्हा वाकवायची. मी बाजूला कागदावर ती वाट काढत होते, दोन बाजूंनी, मापांसकट. बाराच्या सुमाराला माझ्या कागदावर आणि त्यांच्या तारेवर एकच आकार आला, तेव्हा ते हसले आणि पोराला म्हणाले, "जो, बेन ड्रॉइंग करे छे."

त्यांनी जे शिकवलं ते मला एकाही मॅन्युअलमध्ये इतकं स्पष्ट सापडलं नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स ही एकच वस्तू, आणि ती रबराच्या माउंटिंगवर डोलते. रेडिएटर बॉडीला धरलेला, तो डोलत नाही. म्हणून पाइप जोपर्यंत इंजिनच्या कडेने जातोय तोपर्यंत क्लिपा इंजिनलाच. मध्येच चेसिसला क्लिप मारली की दर हिसक्याला पाइप तिथेच दुमडणार आणि एक दिवस फ्लेअरच्या, म्हणजे नटात बसणाऱ्या पसरट टोकाच्या, मानेशी तडकणार. सगळी हालचाल शेवटच्या हातभर तुकड्यावर सोडायची, आणि त्या तुकड्याला सरळ न ठेवता मोठा वळसा द्यायचा. आमच्या जुन्या पाइपाला नेमकी चेसिसवर क्लिप होती, आणि नेमका तिथेच तो सगळ्यात झिजलेला होता.

पाइप कशाचा, यावरही बोलणं झालं. मी तांब्याचं विचारलं तर सरळ नाही म्हणाले, हलत्या जागी तांबं कडक होत जातं आणि चिरतं. लोखंडी बंडी ट्यूब स्वस्त, पण ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या आवारात शिरलं होतं, पुन्हा गंज नको होता. शेवटी क्युप्रोनिकेल घेतला, नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेल. गंजत नाही आणि सुबक वाकतो. मूळ पाइप ५/१६ इंची, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ मिलिमीटरचा चालून गेला. अडचण नटांची. अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांचे नट बाजारात मिळेनात. काकांनी अमेरिकन संचाची टोकं कापून चारही नट सोडवले. इतका पैसा घालून आणलेला संच शेवटी चार नटांपुरता कामी आला, पण आला.

टोकं दुहेरी फ्लेअरची केली. कापलेली कड कानशीने साफ, आतला बुरा काढलेला, नट आधी सरकवलेला. बसवताना दोन पाने वापरले, एकाने रेडिएटरचं युनियन, म्हणजे नट जिथे बसतो तो जोड, धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. युनियन पिळलं गेलं तर टाकीतला कूलर आतून फुटतो, पाणी तेलात मिसळतं, तेल गुलाबी लस्सीसारखं होतं आणि क्लच प्लेटींची चिकटवण सुटते. नवा गिअरबॉक्स गेलाच समजा.

मग तपासणी. हवेचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं. पुढची चाकं आधी लटकत ठेवून आणि मग जमिनीवर टेकवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कारण दोन्ही वेळा सगळ्या दांड्या वेगळ्या जागी येतात. इंजिन चालू करून मी ब्रेकवर पाय रोवून आधी ड्राइव्ह आणि मग रिव्हर्स टाकला, जरा रेस केलं. काका बाजूने टॉर्च मारून इंजिन कलताना पाइप कुठे जातो ते बघत होते. एक्झॉस्टपासून त्यांना दोन बोटांचं अंतर पाहिजे होतं. एके ठिकाणी दीड निघालं, तर तेवढ्यासाठी पाइप परत उतरवला. आधी परतीचा पाइप डब्यात सोडून लिटरभर तेल वाहू दिलं, आतली घाण निघून जावी म्हणून. मग गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू, गरम तेलावर डिपस्टिक बघितली.

आता तक्रारी. चार दिवस सांगून अकरा लागले. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि सुरुवातीला अंदाजही तोंडीच दिला. पहिल्या दिवशी पोराने उघड्या पत्र्याच्या क्लिपा लावल्या होत्या, त्या पाइपाला घासल्या असत्या. मी हट्टाने रबराच्या अस्तराच्या लावून घेतल्या. काकांनी माझी बाजू घेतली, हे त्यांचं मोठेपण. एकूण ₹६,८०० झाले, पाइप, मजुरी आणि घरी यायचे ₹५०० धरून. त्या दिवसांच्या कामाला मला हे कमीच वाटले.

काम होऊन नऊशे किलोमीटर झाले. गाडीखाली मी रोज रात्री पांढरा पुठ्ठा सरकवते आणि सकाळी काढून बघते. अजून एकही लाल थेंब नाही. मागच्या महिन्यात बाबांना परत हालोल रोडने पावागढच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणलं. जरोद आलं तेव्हा त्यांनी खिडकी खाली केली आणि बाहेर वास घेतला. मग काच वर केली.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, एक ते तीन काका जेवून आडवे होतात. जुना पाइप नेलात तरी गाडी दाखवायची तयारी ठेवा. नट मात्र तुमचे तुम्हीच आणा. आमच्या ब्रेक लाइनींचं काम दिवाळीनंतर त्यांनाच दिलंय.