पोखऱ्याच्या थ्री सिस्टर्स: बायकांनी बायकांना नेलेला पून हिल ट्रेक

नेपाळला ट्रेकला जायचंय, ग्रुपमध्ये सगळ्या बायकाच आहोत, मग गाइड कोण घ्यायचा, रात्री लॉजवर सेफ वाटतं का, घरचे सोडतील का... हे सगळं मला इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते. आम्ही अन्नपूर्णा भागातलं घोरेपानी–पून हिल–घांद्रुक केलं, पोखऱ्याच्या थ्री सिस्टर्स अ‍ॅडव्हेंचर ट्रेकिंगकडून, आणि परत जायचं झालं तर त्यांच्याकडूनच जाणार हे आधीच सांगते, म्हणजे ज्यांना रिव्ह्यूचा शेवटच वाचायचा असतो त्यांची सोय.

कंपनी तिघी बहिणींची आहे, लकी, डिकी आणि निकी छेत्री. मूळच्या दार्जिलिंगकडच्या. पोखऱ्यात आल्या, पाहुण्यांची राहण्याखाण्याची सोय करायला लागल्या, आणि तिथे ट्रेक करून परत आलेल्या बायका यांच्यापाशी मन मोकळं करायच्या की गाइड दारू प्यायला, गाइड अंगचटीला आला, गाइड अर्ध्यात सोडून गेला. यावर आपण काय केलं असतं, अरेरे म्हणून चहा दिला असता. यांनी 1994 मध्ये स्वतःच बायकांना ट्रेकला न्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या नेपाळात बाई गाइड म्हणजे लोकांच्या भुवया वर, चार दिवस परक्या लोकांबरोबर डोंगरात राहणारी मुलगी म्हणजे तिच्या लग्नाचं काय, वगैरे वगैरे, ते आपल्याला काही वेगळं सांगायला नको. मग 1999 मध्ये त्यांनी एम्पॉवरिंग विमेन ऑफ नेपाळ म्हणून संस्था काढली, तिथे खेड्यापाड्यातल्या मुलींना ट्रेकिंग गाइडचं ट्रेनिंग फुकट देतात, प्रथमोपचार, उंचीचा त्रास कसा ओळखायचा, इंग्लिश, झाडं-पक्षी, सगळं.

आता मुद्द्याचं. खरं सांगायचं तर मी जाताना मनात थोडी साशंक होते, कारण पोखऱ्यातच दुसऱ्या एका एजंटने (नाव नको) आम्हाला ऐकवलं होतं की म्याडम लेडीज गाइड म्हणजे फोटोपुरतं ठीक, खरी वेळ आली की जेन्ट्सच लागतो. आमच्या ग्रुपमध्ये हरिश्चंद्रगड, कळसूबाई कितीतरी वेळा केलेल्या बायका, त्यामुळे आम्हालाही थोडी मस्ती होतीच. पण कळसूबाई 1646 मीटर आणि पून हिल 3210, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि मधे उल्लेरी गावाच्या दगडी पायऱ्या, तीन हजारांहून जास्त पायऱ्या. त्या पायऱ्यांवर सगळी मस्ती उतरते.

आमची गाइड पश्चिम नेपाळातल्या जुम्ल्याकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, बरोबर दोन असिस्टंट मुली सामान घ्यायला. पहिल्याच दिवशी सकाळी तिने आमच्या सॅका उचलून बघितल्या आणि निम्मं सामान काढून पोखऱ्यातच ठेवायला लावलं. माझ्या जाऊबाईंच्या बॅगेतून तर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, मेतकुटाची बरणी आणि इस्त्री केलेला ड्रेस निघाला. लाडू येऊ दिले, ड्रेस नाही. मुलींच्या पाठीवर किती ओझं द्यायचं याला मर्यादा आहे आणि त्यावर ती ऐकून घेत नाही, तुम्ही कितीही पैसे जास्त देतो म्हणा. मला हे फार आवडलं कारण वाटेत बाकीच्या ग्रुपचे पोर्टर तीन-तीन सॅका दोरीने एकत्र बांधून कपाळाच्या पट्ट्यावर तोलून नेताना बघितले आणि बघवत नव्हतं.

चालण्याचा वेग हा सगळ्यात मोठा फरक. आपल्याकडे लीडर पुढे पळतो, मग कुठेतरी बसून वाट बघतो, आपण धापा टाकत पोचलो की तो लगेच उठतो. इथे ती सगळ्यात हळू चालणारीच्या मागे, तोंडाने बिस्तारै बिस्तारै (म्हणजे हळूहळू), आणि एक असिस्टंट पुढे. दर थोड्या वेळाने पाणी प्यायलात का, डोकं दुखतंय का, शू झाली का. हो, हे शेवटचं पण, बिनधास्त. उंचीवर पाणी कमी पडलं की त्रास होतो आणि बायका नेमकं बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी पीत नाहीत, हे जगातल्या कुठल्या पुरुष गाइडला कळणार? तिला प्रत्येक वळणावरचं कुठलं लॉज स्वच्छ संडास वापरू देतं ते पाठ होतं. या एकाच गोष्टीसाठी मी पाच स्टार देईन.

आमच्यातल्या एका मुलीची पाळी नेमकी दुसऱ्या दिवशी आली, ती रडायलाच लागली. गाइडच्या सॅकमध्ये पॅड, गरम पाण्याची पिशवी, गोळी, सगळं तयार. मुलीची छोटी बॅग न बोलता तिने स्वतःकडे घेतली. रात्री चुलीपाशी बसलो तेव्हा ती सांगत होती की तिच्या गावात ती स्वतः शाळेत असताना पाळीच्या दिवसांत घराबाहेरच्या गोठ्यात झोपायची, थंडीत, सापाकिरड्यात. छाउपडी म्हणतात त्याला, नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने 2005 मध्येच बंदी घातली होती, 2017 मध्ये कायदा करून शिक्षाही ठेवली, तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड, तरी पश्चिमेकडे अजून पूर्ण गेलेली नाही. आणि ही मुलगी आता त्याच दिवसांत तीन हजार मीटर चढून दुसऱ्या बायकांना वर घेऊन जाते, गावातल्या दोघी जणी हिचं बघून ट्रेनिंगला आल्यात. आमच्यातली एक भारावून तिला म्हणाली तू किती इन्स्पायरिंग आहेस, तर ती म्हणे दिदी सूप गार होतंय. (मला दिदी, पण जाऊबाईंना थेट आमा म्हणजे आई म्हणाली, तो राग घरी आल्यावरही गेलेला नाही.)

पून हिलला पहाटे अंधारात टॉर्च लावून चढायचं असतं, गर्दी प्रचंड, सगळे मोबाइल वर करून उभे. समोर धवलगिरी 8167 मीटर, अन्नपूर्णा एक 8091 मीटर, माछापुच्छ्रे, जो पवित्र म्हणून चढायलाच बंद आहे. आम्ही फोटोत गुंग आणि ही आपली एकेक शिखर दाखवून त्यावर कुठली बाई चढली ते सांगतेय. 1978 ला अमेरिकन बायकांची टीम अन्नपूर्णेवर आली, बाईची जागा शिखरावर असं छापलेले टी-शर्ट विकून पैसे जमवले होते, 15 ऑक्टोबरला दोघी वर पोचल्या आणि दुसऱ्या फळीतल्या दोघी परत आल्या नाहीत. पासांग ल्हामू शेर्पा, नेपाळची एव्हरेस्टवर गेलेली पहिली बाई, 22 एप्रिल 1993, तीही उतरताना गेली. दावा यांगझुम शेर्पा 2024 मध्ये आठ हजारांवरची सगळी 14 शिखरं पूर्ण करणारी पहिली नेपाळी बाई झाली. मग मीही छाती फुगवून सांगितलं की आमच्या साताऱ्याची प्रियांका मोहिते 16 एप्रिल 2021 ला याच अन्नपूर्णेवर गेली, भारतातली पहिली बाई. तर तिला ते आधीच माहिती! उलट मलाच विचारते, सातारा तुमच्या घरापासून किती लांब?

मार्च-एप्रिलला गेलात तर घोरेपानी ते ताडापानी सगळं जंगल लालीगुरासने (ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी) लाल झालेलं असतं, पोटभर बघून घ्या. घांद्रुक हे गुरुंग लोकांचं गाव, दगडी अंगणं, छोटं म्युझियम, निवांत अर्धा दिवस ठेवा.

खाण्याचं सरळ आहे, दाल भात घ्या, परत परत वाढतात, पिझ्झा-पास्ताच्या नादी लागू नका. राहणं साध्या लॉजमध्ये, प्लायवूडच्या भिंती, शेजारचा कूस वळला तरी ऐकू येतं. एका लॉजवर गरम पाणी म्हणून पैसे घेतले आणि बादलीत जेमतेम कोमट आलं, गाइड खाली जाऊन मालकाशी जे काय बोलली ते कळलं नाही पण पैसे परत आले. खोली दाखवल्यावर ती आधी स्वतः आत जाऊन कडी लागते का ते बघते, मगच आम्हाला किल्ली.

पैशांचं म्हणाल तर रस्त्यावर घासाघीस करून गाइड मिळतो त्याच्यापेक्षा जास्त पडतं. पण मला एक गोष्ट खटकते, की लोक याला दानधर्म समजून बुक करतात, चला गरीब मुलींना मदत. मदत कसली हो, तिने आम्हाला सांभाळलं, आम्ही तिला नाही. तुम्ही चांगल्या सर्व्हिसचे पैसे देताय, तेवढंच. टिप मात्र नीट द्या आणि असिस्टंट मुलींच्या हातात वेगळी द्या.

ज्यांना डोंगरात पळायचंय, दोन दिवसांचं एका दिवसात करायचंय, त्यांना हे रुचणार नाही, कंटाळतील. ग्रुपमध्ये पुरुष असतील तर त्यांनाही नेतात, त्याची काळजी नको. सीझनला, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, बायका गाइड पटापट बुक होतात तेव्हा आधीच मेल टाकून ठेवा.

बाकी कामाच्या गोष्टी: विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा वोटर कार्ड लागतं, आधार चालत नाही, आमच्यातल्या एकीला त्यासाठी कपाट उपसावं लागलं. गोरखपूरपर्यंत ट्रेन, मग सुनौली बॉर्डर आणि पुढे बस, असंही जाता येतं, स्वस्त पडतं पण पाठीचं भरीत. 100 भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी, हा दर ठरलेलाच आहे. अन्नपूर्णा भागाचं परमिट भारतीयांना परदेशी लोकांपेक्षा स्वस्त, त्यामुळे सार्क (दक्षिण आशियाई देशांसाठीचा) दर लावलाय ना ते पावतीवर बघा. आणि उल्लेरीपर्यंत आता जीप जाते, ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी लाजू नका, बसा जीपमध्ये, जाऊबाई बसल्या होत्या आणि आमच्या आधी वर जाऊन लाडू खात बसल्या होत्या.