अठ्ठावीसशेचा मनीप्लांट

बदलापुरात खिडकीखाली खोली गरम ठेवणारा रेडिएटर कोण लावतं? हा प्रश्न मला पैसे पाठवायच्या आधी पडायला हवा होता. पडला साडेचार महिन्यांनी.

झाड होतं फिलोडेंड्रॉन मेलानोक्रायसम. मूळचा कोलंबियातल्या दमट डोंगरउतारांवरचा वेल, १८७३ साली शास्त्रीय नाव मिळालेला. नावाचा अर्थच काळं सोनं. जवळजवळ काळी वाटणारी मखमली पानं, त्यांवर फिकट शिरा आणि नवं पान तांब्याच्या रंगाचं. मला त्याचं वेड लागलं होतं, लपवत नाही. त्यात बदलापूरचा विक्रेता गोड बोलणारा. “ताई, एकच रोप उरलंय.” तीन पानांचं रोप, २८०० रुपये, कुरियर वेगळं. मी लगेच यूपीआय करून मोकळी.

खोक्यातून नाजूक वेल निघाला. बदामाच्या आकाराची, मखमली, गडद पानं. आई चष्मा लावून बघत म्हणाली, “अगं, हा तर मनीप्लांट!” मी तिलाच समजावलं, की लहानपणी याची पानं अशीच असतात, मॉसच्या, म्हणजे शेवाळाच्या, खांबावर चढला की दीड-दोन फुटांची होतात. हे खरंही आहे, आणि नेमका याच खऱ्याचा फायदा ही मंडळी उठवतात. लहान रोपाची ओळख कोण पटवणार?

खांब लावला, रोज पाणी फवारलं. वेल सरसर चढला, पानं मात्र जेमतेम तेवढीच. एका रविवारी पान उलटून पाहिलं तर खालची बाजू वांगी रंगाची. वर फिकट शिरांचा पत्ता नाही. हा मायकन्स, फिलोडेंड्रॉनचाच साधा, स्वस्त प्रकार. तोही सुंदर, पण आमच्या ठाण्यातल्या नर्सरीत दीडशे रुपयांना कुंडीसकट मिळतो.

जाब विचारला तर माणूस चिडला नाही. “चुकून बदललं असेल ताई, दुसरं पाठवतो, फक्त कुरियरचे ४०० द्या.” दिले! यावेळी आली वेट स्टिक, म्हणजे पानं नसलेला खोडाचा तुकडा. तो ओल्या मॉसमध्ये ठेवला, तीन आठवड्यांत मऊ पडून वास मारायला लागला. त्याला पेर होतं, पण पेरावर डोळाच नव्हता. डोळ्याशिवाय फुटवा येत नाही, हे ऊस लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला लागलं.

मग त्याने माझा नंबर ब्लॉक केला. तेव्हा कुठे मी त्याने पाठवलेला मातृरोपाचा फोटो मोठा करून पाहिला. खिडकीखाली पांढरा रेडिएटर, काचेबाहेर बर्फ. थंड देशातल्या कुणाचा तरी फोटो उचललेला. सायबर फसवणुकीसाठी १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या. मी पाच महिन्यांनी ऑनलाइन तक्रार केली, हाती पोचपावती आली.

आता मी आधी व्हिडिओ मागते. कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून ती चिठ्ठी पानाशेजारी धरायची, मग पान उलटून दाखवायचं. तुकडा असेल तर डोळा जवळून. दोघांनी “रेंज नाही” म्हटलं, एकाने उलट मलाच सुनावलं.

परवा तोच रेडिएटर पुन्हा दिसला. विक्रेत्याचं नाव नवं, गाव नाशिक, किंमत ३२००. “एकच रोप उरलंय.”