मिनी डाळ मिलचे अनुदान आणि चाळीस हजारांचा स्वहिस्सा

नवा उद्योग सुरू करणाऱ्याला बँकेच्या कर्जाबरोबर सरकारी अनुदान देणाऱ्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नावाखाली आमच्या घरात झालेल्या फसवणुकीची हकीकत येथे देत आहे. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात तूर भरपूर पिकते, परंतु डाळ करण्यासाठी ती बाहेरच न्यावी लागते. म्हणून माझ्या वहिनींनी गावातच मिनी डाळ मिल टाकण्याचे ठरवले. तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात बसणाऱ्या गृहस्थाने 'फाइलचे सगळे मी बघतो' असे सांगून हे काम हाती घेतले.

त्याने सांगितलेले नियम जवळजवळ सगळे खरे होते, आणि त्यामुळेच कोणाला शंका आली नाही. ग्रामीण भागातील महिला अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के असतो, हे त्याने तोंडपाठ सांगितले. वहिनींचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे हे समजताच त्याने प्रकल्प आठ लाखांचाच दाखवला, कारण उत्पादन उद्योगाचा खर्च दहा लाखांच्या वर गेला की आठवी उत्तीर्ण असण्याची अट लागू होते. एवढी बारीक माहिती असलेला माणूस खोटा असेल असे कोणाच्या मनात येईल?

काही आठवड्यांनी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मंजुरीपत्र पाठवले. त्यावर राजमुद्रा होती, जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता आणि वहिनींचे नाव अचूक होते. नव्हते ते फक्त कर्ज देणाऱ्या बँकेचे आणि शाखेचे नाव. 'ताई, आता पाच टक्के भरा, म्हणजे अनुदान थेट तुमच्या खात्यावर येईल,' असे सांगून त्याने आठ लाखांचे पाच टक्के, म्हणजे नेमके चाळीस हजार रुपये, एका व्यक्तीच्या खात्यावर मागवून घेतले. त्याआधी फाइल खर्चाच्या नावाने घेतलेले पैसे वेगळेच. (पावती मागितली तेव्हा 'सरकारी कामात पावती शेवटी मिळते' असे उत्तर मिळाले होते.) त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

खरी पद्धत बँकेतील अधिकाऱ्यांनी नंतर समजावून सांगितली. अर्ज खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या पोर्टलवर विनामूल्य भरता येतो आणि त्यासाठी कोणताही मध्यस्थ नेमलेला नाही. कर्ज मंजूर करायचे की नाही हे बँक ठरवते, त्यामुळे बँकेचे नाव नसलेल्या मंजुरीपत्राला काही अर्थ नाही. स्वहिस्सा मंजुरीनंतर बँकेतच, अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात भरायचा असतो. अनुदान तर अर्जदाराच्या हाती रोख येतच नाही. बँक त्याची मागणी करते, ते तीन वर्षे मुदत ठेवीच्या रूपात अडकून राहते, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर ते कर्जखात्यात वळते होते. म्हणजे 'पैसे भरा आणि अनुदान खात्यावर घ्या' हे वाक्य कानी पडताच व्यवहार तेथेच थांबवायला हवा.

पैशांइतकेच दुसरे नुकसान अर्जाचे झाले. त्या गृहस्थाने पोर्टलवर अर्ज खरोखरच भरला होता, मात्र त्यात मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचा टाकला होता. साहजिकच सगळे संदेश त्याच्याकडे जात राहिले, आणि वहिनींच्या आधार क्रमांकावर आधीचा अर्ज दिसत असल्याने नवा अर्ज भरता येईना. म्हणून दुसऱ्याकडून अर्ज भरून घेणाऱ्यांनी आपल्यासमोर आपलाच क्रमांक टाकून घ्यावा, आणि अर्जाची छापील प्रत हाती घेतल्याशिवाय उठू नये.

आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि व्यवहाराचे तपशील, बनावट पत्र व संभाषणाच्या प्रती पोलीस ठाण्यात दिल्या. रक्कम गेल्यावर आम्ही बरेच दिवस त्याच्या फोनची वाट पाहिली होती. या क्रमांकावर मात्र जितक्या लवकर कळवावे तितकी खाते गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते. आमचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. जुना अर्ज रद्द करावा, अशी लेखी विनंती जिल्हा कार्यालयात दिली असून तो रद्द झाला की वहिनी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून नवा अर्ज भरणार आहेत.