रीपरमधले पेटीचे विकतचे धडे : पावसाळाभर वापरून झाल्यावर

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वाजवायचे पेटीचे (हार्मोनियमचे) धडे घेतले मेअखेरीस, लिहितोय दिवाळी उलटल्यावर. म्हणजे नव्याची नवलाई संपलेली आहे. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो. पण ज्यासाठी घेतले होते त्यासाठी नाही.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच संगीताचे धडे विकायची कल्पना तशी जुनी. ॲपलनं 2009 मध्ये गॅरेजबँडमध्ये गिटार-पियानोचे धडे घातले होते, त्यात नामवंत कलाकारांचा एकेक धडा 4.99 डॉलरला. पण ते सगळं मॅकवर, आणि पेटीचं तिथं नावही नाही. माझ्याकडं विंडोजचा जुना लॅपटॉप, म्हणून रीपर. 60 दिवस वापरून बघता येतं, मग घरगुती परवाना 60 डॉलरचा. धडे विकणारे गुरुजी वेगळे. त्यांची फी वेगळी, पण झेपण्याजोगी. प्रत्येक धडा म्हणजे रीपरची तयार फाइल. तानपुऱ्याचा एक ट्रॅक (आवाजाची स्वतंत्र पट्टी), तबल्याचा एक, गुरुजींच्या पेटीचा एक, आणि सगळ्यांत खाली आपल्यासाठी रिकामा. आपण वाजवून त्यात भरायचं.

खरी किंमत आहे ती या रिकाम्या ट्रॅकची. गुरुजींचा अलंकार (सरावाची स्वररचना) वर दिसतो, आपला खाली. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, माझा प्रत्येक चौथा स्वर घाईनं पडतो हे क्लासमध्ये कुणी सांगितलं असतं तर मी मान हलवून सोडून दिलं असतं. इथं पडद्यावर दोन्ही आवाजांच्या लाटा एकाखाली एक दिसतात आणि माझी लाट बोटभर पुढं सरकलेली असते. मग वेग 70 टक्क्यांवर आणायचा, सूर न बदलण्याची खूण चालू ठेवायची, आणि तेवढाच तुकडा फिरवत राहायचा. प्रत्येक फेरी वेगळा टेक म्हणून साठते, नंतर निवांत ऐकता येते. हात स्थिर झाला तो यानंच.

तांत्रिक बाजू एकदा बसली की त्रास नाही, पण बसेपर्यंत जीव खाते. माइकमधून येणारा आवाज लॅपटॉपमधून फिरून हेडफोनमध्ये यायला वेळ लागतो. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 1024 सॅम्पलचा (नमुन्यांचा) असला तर 44.1 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या वेगानं, नुसत्या एका बाजूला 23 मिलिसेकंद जातात, येऊन-जाऊन दुप्पट. पट्टी दाबली आणि सूर मागनं आला, असं होतं. लय धरणंच अशक्य. बफर 128 वर आणला की एका बाजूचा उशीर 3 मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण जुन्या मशीनवर मग आवाज तडतडतो. सोपा इलाज म्हणजे यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं छोटं यंत्र) घेऊन त्याचं थेट मॉनिटरिंग वापरायचं, म्हणजे आपली पेटी लॅपटॉपला वळसा न घालता कानात येते. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरपेक्षा हा उशीर कमी करणारा आसिओ ड्रायव्हर घाला, हेही आलंच.

आणि पाऊस. बेळगावचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. आमच्या वडगावातल्या घराला मागच्या खोलीवर पत्रे आहेत. तिथं बारीकसारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक लावला तर पेटी कमी आणि पत्रेच जास्त रेकॉर्ड होतात. माइक बदलला, साधा, जवळचंच टिपणारा डायनॅमिक घेतला, भात्याच्या बाजूनं न धरता पट्ट्यांच्या वरनं वीतभर अंतरावर धरला. भात्याचा धप धप आवाज 100 हर्ट्झच्या खाली फिल्टर लावून पुष्कळ जातो. हे धड्यांत कुठंही नाही.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित मिळाली. हेडफोनमध्ये तानपुरा आणि पेटी इतक्या जवळ ऐकायची सवय नव्हती. यमनात गांधारावर थांबलं की काहीतरी घासल्यासारखं वाटायचं. पेटी तपासून बघितली, ठीक होती. कारण वेगळंच आहे. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंटनी (सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, कारण पेटीचे स्वर सप्तकाच्या बारा समान वाटणीचे. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत चालली, त्यामागच्या तक्रारींत हीही होती. आजवर हे ऐकून माहीत होतं, कानाला पहिल्यांदा लागलं.

आता उणं. पहिल्या संचात केरवा आणि दादरा एवढे दोनच ताल. रूपक ताल हवा तर पुढचा संच घ्या, म्हणजे परत पैसे. धडे हिंदीत आहेत, ते चालतं. पण स्वरांची नावं मधूनच इंग्रजीत येतात, आणि काळी एक, पांढरी चार असं बोलणाऱ्या माणसाला दर वेळी मनात हिशेब करावा लागतो.

मी संच घेतला होता तो ‘साथसंगत’ या भागासाठी, आणि तोच सगळ्यांत कच्चा. गायकाचा ट्रॅक आधीच रेकॉर्ड केलेला. तो तुमच्यासाठी थांबत नाही, तुमच्याकडं बघत नाही, जागा देत नाही. चार दिवसांत त्याची प्रत्येक हरकत पाठ होते आणि मग साथ कसली, घोकंपट्टी. श्रावणात भजनाला बसलो तेव्हा हे उघडं पडलं. बुवांनी अभंग चढवत नेला आणि मी आपला एकाच चालीवर. शेजारचे पखवाजवाले काका हळूच म्हणाले, “क्लिकवर वाजवालायस काय रे? बुवाकडं बघ की!” (क्लिक म्हणजे सॉफ्टवेअरची ठोक्याची टिकटिक.) ज्या गावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी जन्मभर पेटी शिकवली, तिथं साथ फाइलमधून शिकायला बसणं हे तसं विचित्रच.

तेव्हा अलंकार, पलटे, लय यांसाठी घ्या. साथीच्या भागाचे पैसे वाचवा आणि गुरुवारी भजनाला जाऊन बसा. घेण्याआधी एक नमुना धडा मागून घ्या आणि त्यात तानपुरा, तबला, पेटी खरोखर वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत का ते उघडून बघा. काही ठिकाणी एकच मिसळलेली फाइल देतात. तसं असेल तर यूट्यूब फुकट आहे.