दालचिनी-मनुक्याचे बेगल: त्याच दिवशी की रात्रभर फ्रीजमध्ये?

बेगल म्हणजे कड्यासारखा वळून, आधी उकळून मग भाजलेला पाव. साहित्य दोन्ही रीतींत एकच: ५०० ग्रॅम मैदा, २७५ मिली पाणी, ९ ग्रॅम मीठ, दोन चमचे साखर, दोन चमचे दालचिनी पूड, मूठभर मनुका. फरक यीस्टचा आणि वेळेचा.

त्याच दिवशी करायचे तर ७ ग्रॅम यीस्ट घ्या. तीनेक तासांत बेगल ताटात. पण दालचिनी यीस्टला मंदावते, पीठ रेंगाळतं, आणि घाईने उकळलेले बेगल आतून गच्च राहतात. चवही जरा सपक.

रात्रभराच्या रीतीत ३ ग्रॅम यीस्ट पुरतं. वळलेली कडी झाकून बारा तास फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी एक गार पाण्याच्या वाडग्यात सोडून बघा. तरंगली की तयार. गारठ्याने ती घट्ट झालेली असते, त्यामुळे उचलताना आकार बिघडत नाही. गूळ घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी ४५-४५ सेकंद, मग ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर वीस मिनिटं. सालीवर बारीक फोड येतात, तोडताना ती कुरकुरते, आत चिवट लुसलुशीतपणा! वर आलेल्या मनुका मात्र आत दाबा, नाहीतर करपून कडवट होतात.

पाहुणे अचानक आले तरच पहिली रीत. एरवी मी रात्रीच मळते.