हिरवी पावती मिळाली, विमा मात्र उतरलाच नव्हता

आमचं गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात. तीन एकर सोयाबीन, सगळं पावसाच्या भरवशावर. जुलैमध्ये एकजण खांद्याला पिशवी लावून दारात आला. पंतप्रधान पीक विम्याचे अर्ज भरतो म्हणाला. गल्लीतल्या चार-पाच घरांचे कागद त्याच्या पिशवीत दिसले, म्हणून आम्हीही विश्वास ठेवला. आबांनी अर्जात काय लिहिलंय ते विचारलं.

"मामा, सगळं कन्नडात हाय. तुम्ही सही करा, बाकीचं मी बघतो."

एकरी ८०० आणि अर्जाचा खर्च २००, असे २,६०० रुपये रोख घेतले. आधार, पासबुक आणि पहाणीची झेरॉक्स घेतली. पहाणी म्हणजे आपला कर्नाटकातला सातबारा. बदल्यात शिक्का मारलेली हिरवी पावती दिली.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून रानात पसरलेलं असताना दोन दिवस पाऊस लागला. शेंगांना कोंब फुटले. कापलेलं पीक वाळत असताना १४ दिवसांपर्यंत अवकाळी पावसानं झालेलं नुकसान विम्यात बसतं, पण ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. मी त्याच दिवशी पीक विम्याच्या मदत क्रमांकावर, १४४४७ ला फोन लावला. त्यांनी अर्ज क्रमांक मागितला. पावतीवरचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच. रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात गेलो, तिथल्या बाईंनी 'संरक्षणे' या कर्नाटक सरकारच्या पीक विमा पोर्टलवर आमचा सर्व्हे नंबर टाकून पाहिला. त्यावर एकही अर्ज नव्हता. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तिथंच कळलं की खरिपाच्या धान्य आणि गळितधान्याला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या फक्त २ टक्के असतो, रब्बीला दीड, नगदी आणि बागायती पिकांना ५. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. आमच्या सोयाबीनचा खरा हप्ता ८०० च्या निम्म्याहूनही कमी होता. सामान्य सेवा केंद्रात अर्ज भरताना हप्त्याशिवाय वेगळे पैसे द्यायचे नसतात, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो पिशवीवाला आमच्या कन्नड न येण्यावर जगतो. सीमाभागात किती घरांत पहाणी वाचणारं कुणी नाही! निदान दोन शब्द ओळखायला शिका: 'बेळे विमे' म्हणजे पीक विमा आणि 'अर्जी संख्ये' म्हणजे अर्ज क्रमांक. पैसे देण्याआधी शाळेत जाणाऱ्या पोराकडून कागद वाचून घ्या. अर्ज भरल्यावर तो 'संरक्षणे'वर दिसतो का, ते मुदत संपायच्या आत बघा. पिकाचं नाव आणि सर्व्हे नंबरही ताडून पाहा. ओटीपी मागितला तर कशासाठी ते कळल्याशिवाय सांगू नका.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, पण एकट्याच्या पावतीवर ती पुढं सरकत नाही. तुमच्या घरात अशी हिरवी पावती असेल तर रागानं फाडू नका. ती घेऊन तुमच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.