इथल्याच यीस्टवर वाइन की बिअर? मुंबईच्या हवेतला हिशोब

कायद्याचं आधी उरकून घेऊ. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा ठरतं. ‘घरच्यापुरतं करतोय’ ही सबब तिथे चालत नाही. तेव्हा हा आढावा अशांसाठी, ज्यांची पालघरकडे वाडी आहे किंवा वसईला गाळा आहे, राज्य उत्पादन शुल्क विभागाचे उंबरे झिजवायची तयारी आहे, पण अर्ज कशासाठी करायचा हे ठरत नाहीये. फळांची वाइन, की धान्याची बिअर? अट एकच: पाकिटातलं यीस्ट नको, इथलंच हवं.

माझं मत वाइनकडे झुकतं, आणि त्याचं कारण चवीत नाही, आंबटपणात आहे. फळांच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) बहुधा 3 ते 4 च्या दरम्यान असतो. तिथे निम्मे उपद्रवी जिवाणू आपोआप गारद होतात आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. धान्याच्या गोड काढ्याचा पीएच 5 च्या वर. उकळून निर्जंतुक केलात तरी थंड झाल्यावर तो सगळ्यांना आमंत्रण देतो, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात यीस्टच्या आधी कोण पोचेल ते सांगता येत नाही.

बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास लॅम्बिक नावाची बिअर रानटी यीस्टवरच होते. गरम काढा उथळ, रुंद भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतलं यीस्ट त्यात उतरतं. पण हे काम ते थंडीच्या महिन्यांतच करतात, उन्हाळ्यात नाही. आपल्याकडे जानेवारीतली पहाटसुद्धा साधारण 16-17 अंशांची. म्हणजे तो मार्ग इथे बंदच समजा.

वाइनसाठी माझी पहिली पसंती जांभूळ. बदलापूर आणि पालघरकडचा बहाडोली भाग जांभळासाठी नावाजलेले आहेत. रंग गडद, तुरटपणा भरपूर, सालीवर यीस्ट असतंच. फक्त साखर बेताची. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून 1 टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे 10 टक्क्यांसाठी 170 ग्रॅम लागणार. हायड्रोमीटरने रसातली साखर मोजा आणि उरलेली वरून घाला. अंदाजपंचे ओतू नका.

सगळं फळ एकदम लावायचं नाही. आधी अर्धा-एक किलो फळ चुरून यीस्ट वाढवायची दोन-तीन विरजणं वेगवेगळ्या बरण्यांत लावा. फळ धुवायचं नाही, पण फुटलेलं, चिलटं बसलेलं एकही आत जाता कामा नये, कारण चिलटांबरोबर व्हिनेगर करणारे जिवाणू येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साली वर येऊन त्यांचा जाड थर होतो. तो दिवसातून दोनदा लाकडी डावाने खाली दाबायचा. एक रात्र जरी कोरडा राहिला तर त्यावर पांढुरकी साय धरते आणि नेलपॉलिशसारखा वास सुटतो. ती बरणी सरळ मोरीत. जिचा वास फळाचा, थोडा पावाच्या पिठासारखा, तीच मोठ्या ड्रमात घाला.

एक अडचण मात्र खरी आहे. सालीवर संख्येने जास्त असतात ती यीस्टं सुरुवात दणक्यात करतात, पण अल्कोहोल 4-5 टक्क्यांवर गेलं की माना टाकतात. पुढचं ओझं उचलणारं सॅकरोमायसिस जातीचं यीस्ट सालीवर अगदी थोडं असतं. ते वाढलं नाही तर वाइन अर्धवट गोड राहून अडकते. विरजण आधी तयार करण्याचा खरा फायदा हाच: त्याला वाढायला वेळ मिळतो.

दुसरी अडचण ऋतूची. जांभूळ येतं जूनच्या आगेमागे, तेव्हा खोलीचं तापमान तिशीत असतं. ड्रमाला ओलं फडकं गुंडाळायची युक्ती कोरड्या हवेत चालते. मुंबईत ते फडकं वाळतच नाही, मग गारवा कुठून? एसीचं बिल धरूनच गणित मांडा. नाशिकची द्राक्षं हिवाळ्याच्या शेवटी येतात, ती हवामानाला सोयीची. पण खायच्या द्राक्षांवर बुरशीनाशकाचे फवारे असतात, आणि यीस्ट ही शेवटी बुरशीच.

आता बिअर. नाचणीला मोड आणणं आपल्या घरांना नवं नाही, सत्त्वासाठी करतोच. बाजरी-ज्वारीपेक्षा नाचणीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) स्टार्च चांगलं फोडतं. पण नाचणीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला शिजतो, म्हणून थोडं पीठ आधी शिजवून, 65 अंशांपर्यंत निववून मग माल्ट घालायचं आणि तासभर तसंच ठेवायचं. बार्लीसारखं टरफल नसल्याने गाळताना चिखल होतो. एक घाणा म्हणजे अख्खा दिवस. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी आणि जिवाणूंना रोखणारी फुलं) कोकणात होत नाहीत, त्यामुळे आंबवणाऱ्या जिवाणूंना अडवणारं काही नाही. बिअर आंबट होणारच, हे गृहीत धरूनच उतरा. काढा निवल्यावर रातांब्याचा बिनमिठाचा रस घालून पीएच साडेचारच्या खाली आणला तर निदान वाईट जिवाणू दूर राहतात. आगळ नको, त्यात मीठ असतं.

आणि बाटल्या. साखर शिल्लक असताना बुच लावलंत तर या उष्म्यात बाटली फुटते. वाइनला महिनोन्‌महिने थांबण्याची सवय असते म्हणून हा धोका कमी. बिअरवाल्याला घाई असते.

मालाडच्या मालवणी वस्तीतल्या विषारी दारूचं नाव काढून कुणी घाबरवेल. 2015 साली तिथे शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलच्या दारूने. नुसत्या आंबवण्यात मिथेनॉल नगण्य असतं. भट्टी मात्र लावायची नाही.

बिअर निवडावी ती एकाच परिस्थितीत: वसई-विरारकडे ओळखीचा ताडी काढणारा असेल तर. मडक्याच्या तळाचा गाळ म्हणजे इथल्या हवेत मुरलेलं यीस्ट, आणि तिशीतल्या उष्म्याला ते दबत नाही. शहरातली ताडी घेऊ नका, तिच्यात क्लोरल हायड्रेटची (गुंगी आणणाऱ्या रसायनाची) भेसळ होते. गाळ मिळाला की परवान्याची वाट बघता बघता त्यात मैदा भिजवा आणि ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळ ख्रिस्ती) पद्धतीच्या फुग्या, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, तळा. पीठ काही तासांत दुपटीने फुगलं आणि वास स्वच्छ आंबूस आला, तर तो गाळ नाचणीच्या काढ्यात घालायच्या लायकीचा आहे.